रस्त्याआधी श्वासाचा हिशेब

पवनार म्हटले की धाम नदीचे पात्र आणि तिच्या काठावरील विनोबाजींचा आश्रम आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. अलीकडे मात्र वर्धा जिल्ह्यातील हे गाव निराळ्याच कारणाने वृत्तपत्रांत गाजत आहे. नागपूर विभागाला गोव्याशी जोडणाऱ्या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाचा आरंभबिंदू म्हणून पवनारची निवड झाली. मूळ आखणीनुसार हा मार्ग पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत ८०२ कि.मी. लांबीचा आहे. दि. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली आणि आखणी व भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्यानंतर, विशेषतः कोल्हापूर भागातील शेतकऱ्यांच्या विरोधामुळे, आखणीचा प्रश्न वारंवार चर्चेत आला.

या चर्चेत जमीन किती जाणार, मोबदला किती मिळणार, बागायतीचे काय होणार, हे प्रश्न हिरीरीने विचारले जातात. ते विचारले गेलेच पाहिजेत. परंतु ज्याची जमीन जात नाही, ज्याला मोबदलाही मिळणार नाही, पण ज्याचे घर, दुकान वा शाळा रस्त्याच्या कडेला उरणार आहे, त्याच्या वाट्याला येणाऱ्या हवेचा हिशेब कोणी मांडायचा? हा हिशेब रस्ता होण्यापूर्वी मांडता येतो, आणि रस्ता झाल्यानंतर तो पडताळूनही पाहता येतो. यांपैकी दुसऱ्या गोष्टीकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, हेच आम्हांला प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

चार दिशांचे चार मार्ग

वर्धा जिल्ह्याला मोठे रस्ते नवे नाहीत. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४, म्हणजे जुना क्र. ७, जाम आणि हिंगणघाटवरून जातो. नागपूर-अमरावती महामार्ग, आताचा क्र. ५३ आणि पूर्वीचा क्र. ६, कारंजा (घाडगे) व तळेगाव येथून जातो. बुटीबोरीहून तुळजापूरकडे जाणारा क्र. ३६१ चा मार्ग वर्धा व देवळी ओलांडून यवतमाळकडे वळतो. त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा दि. ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि संपूर्ण ७०१ कि.मी. मार्ग दि. ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस मिळाला. तो दिवस जागतिक पर्यावरण दिनाचा होता, हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

रस्त्यांमुळे कापसाच्या गाड्या बाजारात लवकर पोहोचतात, रुग्णाला सेवाग्राम, सावंगी वा नागपूर जवळ येते, तरुणांना रोजगाराची वाट मिळते. आम्ही रस्त्यांचे विरोधक नाही. पण लाभाचे आकडे जसे प्रकल्प अहवालात मांडले जातात, तसेच हानीचे आकडेही मांडले जावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

न दिसणारी धूळ

रस्त्यावरची जी धूळ आपल्या कपड्यांवर बसते, ती त्रासदायक असली तरी सर्वांत घातक नव्हे. खरा धोका अडीच मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या कणांचा असतो. शास्त्रज्ञ त्यांना 'पीएम २.५' म्हणतात. माणसाचा केस याहून सुमारे वीस ते तीस पट जाड असतो. हे कण नाक व घसा ओलांडून फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात. दमा, हृदयविकार व पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला आणि २०१३ साली बाह्य हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारक ठरविले.

भारताने २००९ साली निश्चित केलेल्या मानकानुसार हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये या कणांचे प्रमाण वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅम आणि दिवसाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम यांहून अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा अनुक्रमे ५ आणि १५ इतकी खाली आणली. या दोन मापदंडांमधले अंतर पाहिले, म्हणजे 'मानकाच्या आत' हे शब्द किती सावधपणे वाचावेत हे ध्यानात येते.

वाहनांपासून हे कण तीन वाटांनी निर्माण होतात. पहिली वाट धुराड्याची, म्हणजे अर्धवट जळलेल्या इंधनाच्या काजळीची. दुसरी वाट घर्षणाची : ब्रेक आणि टायर झिजतात आणि चाकांखाली रस्त्यावरील माती पुन्हा पुन्हा उडते. तिसरी वाट सहसा ध्यानात येत नाही. धुरातील नायट्रोजनची संयुगे हवेत काही तासांनी शेणखत व खतांमधून निघणाऱ्या अमोनियाशी मिसळतात आणि त्यांचे नवे सूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे महामार्गाचा धूर आणि शिवारातील वायू मिळून जे निर्माण करतात, ते कदाचित तिसऱ्याच गावाच्या श्वासात जाते.

दि. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले, आणि डिझेल मोटारीला प्रति कि.मी. २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची जी मुभा होती ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. ही सुधारणा मोठी आहे. परंतु जुने मालट्रक एका रात्रीत रस्त्यावरून जात नाहीत. शिवाय ब्रेक, टायर व मातीची धूळ इंजिनाच्या मानकांनी थांबत नाही. विजेवर चालणारे वाहनही ती उडवितेच.

भाकीत कसे मांडतात

हवेचे भाकीत हा शब्द ऐकून पंचांगाची आठवण होण्याचे कारण नाही. हा साधा हिशेब आहे. त्याला तीन गोष्टी लागतात : वाहने किती व कोणती, प्रत्येक वाहन किती कण सोडते, आणि ते कण वाऱ्याने किती पसरतात. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने भारतीय वाहनांची प्रयोगशाळेत चाचणी घेऊन कोष्टके तयार केली आहेत.

वाचकांना रीत कळावी म्हणून एक उदाहरण घेऊ. यातील आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, एका रस्त्यावरून तासाला ७२० अवजड वाहने जातात आणि प्रत्येक वाहन दर कि.मी.ला अर्धा ग्रॅम सूक्ष्म कण सोडते. म्हणजे एक कि.मी. लांबीत तासाला ३६० ग्रॅम कण हवेत गेले. हाच हिशेब एक मीटर लांबी व एक सेकंद वेळ इतका बारीक केला, तर १०० मायक्रोग्रॅम येतात. आता रस्त्याला आडवा वाहणारा वारा सेकंदाला १ मीटर वेगाचा असेल आणि धूर १० मीटर उंचीपर्यंत मिसळत असेल, तर रस्त्यालगतच्या हवेत प्रत्येक घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमची भर पडते. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर झाला, की तीच भर अडीच मायक्रोग्रॅमवर येते. वाहने तीच, धूर तोच; वारा बदलला आणि उत्तर चौपटीने बदलले.

प्रत्यक्षातील गणिती प्रारूपे अर्थातच याहून सूक्ष्म असतात. कॅलिफोर्नियात रस्त्यांसाठी तयार झालेले 'कॅलाईन' हे प्रारूप आपल्याकडील महामार्गांच्या अहवालांतही वापरले जाते. दुसरी पद्धत अनुभवाची आहे : एखाद्या ठिकाणी वर्ष-दोन वर्षे वाहने, वारा, तापमान आणि कण यांची एकत्र मोजणी करावयाची आणि त्यांतील संबंध संगणकाला शिकवावयाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'सफर' ही हवेच्या भाकिताची यंत्रणा २०१० साली दिल्लीत उभारली. पुढे ती पुणे व मुंबई येथेही आली. तेव्हा हे शास्त्र आपल्याच राज्यात रुजलेले आहे. ते परदेशातून मागवावे लागणार नाही.

तोच मालट्रक, निराळी वेळ

वरील उदाहरणात वाऱ्याइतकेच महत्त्व धूर किती उंचीपर्यंत मिसळतो याला आहे. विदर्भातील वैशाखाच्या दुपारी जमीन तापते, हवा वर उसळते आणि धूर उंच जाऊन विरळ होतो. पौषातील पहाटे याच्या उलट घडते. जमीन थंड, तिच्यालगतची हवा थंड, आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला. वारा जवळजवळ पडलेला असतो. अशा वेळी सुटलेला धूर जमिनीलगत कोंडून राहतो. नागपूरच्या हवामान केंद्रातून यंत्रे बांधलेले फुगे आकाशात सोडले जातात. त्यांच्या नोंदींवरून हे झाकण किती उंचीवर आहे हे काढता येते.

आता वर्ध्याचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. कापसाची वेचणी, बाजार समित्यांतील आवक, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा, हे सारे हिवाळ्यातच ऐन भरात असते. हिंगणघाटचा कापूस तर एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेला आहे. त्यातच महामार्गांवरील अवजड वाहतूक रात्रभर चालू असते. म्हणजे वाहनांची गर्दी आणि हवेची कोंडी एकाच ऋतूत व एकाच प्रहरी गाठ घेतात. ज्या मुलाला सकाळच्या शाळेसाठी रस्त्याच्या कडेला एस.टी.ची वाट पाहावी लागते, त्याच्या दृष्टीने वर्षाची सरासरी निरुपयोगी आहे. जानेवारीतील सकाळचा तास कसा असेल, हे त्याला सांगणारे भाकीत हवे.

जागतिक पातळीवरील भाकिते आज संगणकावर कोणालाही पाहता येतात. त्यांतील युरोपच्या प्रसिद्ध यंत्रणेत पृथ्वी सुमारे ४० कि.मी. लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागलेली असते. अशा एका चौकटीत वर्ध्यासारखे शहर आणि त्याभोवतीची कित्येक गावे सहज मावतात. चौकटीला मिळालेला एकच आकडा जामच्या चौकालाही लागू होतो आणि शेतात वसलेल्या पाड्यालाही. अमेरिकेतील एका आरोग्यविषयक संशोधन संस्थेने २०१० साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा वाहनांच्या धुराने सर्वाधिक बाधित असतो, असा निष्कर्ष काढला. काजळी रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने कमी होते; एकूण सूक्ष्म कण त्या मानाने हळू ओसरतात. हा फरक ४० कि.मी.च्या चौकटीला दिसणे शक्य नाही.

सारा दोष रस्त्याचा नव्हे

सत्याशी प्रामाणिक राहावयाचे, तर येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वर्धा जिल्ह्यातील हवेत जे सूक्ष्म कण आहेत, ते केवळ वाहनांचे नाहीत. चुलीत जळणारी पऱ्हाटी आणि तुराट्या, शेतात पेटविलेला काडीकचरा, विटांच्या भट्ट्या, शेजारच्या जिल्ह्यांतील औष्णिक वीज केंद्रांचा वाऱ्यासोबत येणारा धूर, या सर्वांचा त्यात वाटा आहे. ज्या भाकितात हे वाटे वेगळे केलेले नाहीत, ते अन्यायाचे साधन होते. मग रस्त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारला जातो, किंवा घरातील चुलीच्या धुराने बेजार झालेल्या माऊलीचे दुःख महामार्गाच्या गदारोळात हरवून जाते.

वर्ध्याला या विषयाची परंपरा आहे, हेही विसरता कामा नये. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून चाले. त्याची धुरा वाहणारे डॉ. जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ. येशूच्या शिकवणीवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला. धूर घराबाहेर नेणाऱ्या 'मगन चुली'चे नाव याच मगनवाडीशी जोडलेले आहे. स्वयंपाकघरातील धुराची मोजदाद आणि चिंता ज्या गावाने इतक्या पूर्वी केली, त्या गावाने आज दारापुढील रस्त्याच्या धुराची चिंता करावी, यात नवल ते काय?

यादीबाहेरचा जिल्हा

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कणांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट त्यात होते. पुढे २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत घट असे ते वाढविण्यात आले. हा कार्यक्रम मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीवर आधारलेला आहे. महाराष्ट्रातील शहरांत नागपूर, चंद्रपूर, अमरावती व अकोला यांची नावे आहेत, वर्ध्याचे नाही. वर्ध्याला नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि यवतमाळ हे चार जिल्हे भिडतात. त्यांतील तिघांची मुख्य शहरे यादीत आहेत. हवा जिल्ह्याची सीमा ओळखत नाही. निधी आणि कृती आराखडे मात्र ती ओळखतात.

यादीत येण्यासाठी आधी मोजणी लागते. जेथे मोजणी विरळ, तेथे प्रदूषणाचा पुरावाही विरळ. आणि पुरावा नाही म्हणून मोजणीची निकड नाही. लहान शहरे आणि महामार्गालगतची गावे या चक्रात अडकतात. चाळीस-पन्नास हजार लोकवस्तीच्या गावातील मुलाची फुप्फुसे महानगरातील मुलाच्या फुप्फुसांहून कणखर असतात, असे काही कोणत्याही वैद्याने सांगितलेले नाही.

पडताळणीविना भाकीत

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार नव्या राष्ट्रीय महामार्गासारख्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्यासाठीच्या अहवालात हवेचे भाकीतही असते : वाहतूक अमुक इतकी वाढेल, कणांत तमुक इतकी भर पडेल. मंजुरी मिळते, रस्ता होतो, फीत कापली जाते. त्यानंतर प्रकल्पधारकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अनुपालनाचा अहवाल द्यावयाचा असतो. पण अहवालातील भाकीत आणि रस्ता सुरू झाल्यानंतर तेथे श्वासात गेलेली हवा, यांचा ताळा मांडून गावकऱ्यांपुढे ठेवण्याची रीत आपल्याकडे पडलेली नाही. ज्याचा ताळा कधी होत नाही, त्या हिशेबाला शाळेतील गुरुजीही गुण देत नाहीत.

ताळा करणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नाक्यांवर फास्टॅग अनिवार्य आहे. कोणत्या प्रकारचे वाहन कोणत्या क्षणी गेले, याची नोंद त्यामुळे आपोआप होते. वाहनाच्या क्रमांकावरून त्याचे वय आणि त्याला लागू असलेले मानकही कळू शकते. वाहनमालकांची ओळख पूर्णपणे वगळून केवळ प्रकार, वय व वेळ एवढे आकडे संशोधकांना दिले, तर भाकिताचा पहिला पाया जवळजवळ विनासायास तयार होतो. पीयूसी प्रमाणपत्राने हे काम होत नाही. त्या चाचणीत डिझेलच्या धुराचा काळेपणा पाहतात. सूक्ष्म कणांचे वजन नव्हे.

रस्त्याचा वाटा वेगळा काढण्याची रीतही समजण्यास सोपी आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मापक ठेवावे. वारा आडवा असताना ज्या बाजूने तो येतो तेथील आकडा म्हणजे गावाची मूळ हवा, आणि पलीकडचा आकडा म्हणजे मूळ हवा अधिक रस्ता. दोहोंतील फरक हा रस्त्याचा वाटा. हल्ली लेझर किरणांवर चालणारी स्वस्त मापके मिळतात. मात्र दमट हवेत व धुक्यात ती आकडा फुगवून दाखवितात. म्हणून ती आधी प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून पारखून घ्यावी लागतात. १९५८ पासून कार्यरत असलेली नीरी ही संस्था नागपुरात आहे, आणि १९६९ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय सेवाग्रामात आहे. मोजणारे आणि रुग्ण तपासणारे दोघेही हाकेच्या अंतरावर असताना वर्ध्याने हतबल का व्हावे?

आपण काय विचारावे

नव्या महामार्गासाठी जनसुनावणी होईल, तेव्हा अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळण्याचा हक्क अधिसूचनेने दिलेला आहे. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध व्हावी लागते आणि तेथे मांडलेले म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे लागते. धर्मग्रामातील सुजाण मंडळींनी, शिक्षकांनी आणि तरुणांनी त्या वेळी पुढील चार प्रश्न लेखी द्यावेत, असे आम्हांला वाटते.

पहिला : मूळ हवेची मोजणी कोणत्या ऋतूत झाली? अशा अहवालांत पावसाळा वगळून एका हंगामाची मोजणी पुरेशी मानण्याची प्रथा आहे. ती उन्हाळ्यात केली असेल, तर वर्ध्याचा सर्वांत वाईट काळ अहवालात आलेलाच नाही.

दुसरा : रात्रीच्या व पहाटेच्या अवजड वाहतुकीचे भाकीत वेगळे मांडले आहे काय, की चोवीस तासांची सरासरी काढून ते झाकले आहे?

तिसरा : रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत येणाऱ्या प्रत्येक शाळेचा, दवाखान्याचा व वस्तीचा अपेक्षित आकडा स्वतंत्रपणे दिला आहे काय?

चौथा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : रस्ता सुरू झाल्यानंतर किती वर्षे, कोणत्या ठिकाणी व कोणाकडून मोजणी होईल, आणि भाकीत चुकल्यास कोणता उपाय करण्यास प्रकल्पधारक बांधील राहील?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच विषयाला हात घातला आहे. पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास प्रकल्पाचा आराखडा पक्का झाल्यानंतर उरकण्याची गोष्ट नव्हे. तो आरंभापासूनच, पारदर्शकपणे आणि आर्थिक व राजकीय दडपणाविना झाला पाहिजे, आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. वर्ध्यातील चौथा प्रश्न हा त्या आग्रहाचाच व्यावहारिक अर्थ आहे.

भाकीत चुकू शकते. वारा, वाहने आणि ऋतू कोणाच्या आज्ञेत नाहीत, आणि चुकलेल्या भाकिताबद्दल आम्ही कोणा शास्त्रज्ञाला बोल लावणार नाही. बोल लावावयाचा तो न तपासलेल्या भाकिताला. मोजलेली चूक पुढच्या रस्त्याला शहाणपण देते. न मोजलेली चूक रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर, टोल नाक्याच्या खिडकीत आणि शाळेच्या पहिल्या तासाला मुकाट्याने श्वासात जात राहते. पवनारहून निघणाऱ्या रस्त्याचा पहिला दगड बसेल तेव्हा बसेल. त्याआधी तेथे हवा मोजणारे एक यंत्र बसावे, आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत रोज लिहिला जावा, एवढी मागणी आजच करता येण्यासारखी आहे.